काचेच्या नळीतला पडदा

सेंट्रिफ्यूजमधून नुकतीच बाहेर काढलेली काचेची नळी उजेडाकडे धरून पाहा. तळाशी गडद लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधोमध फिकट पिवळा, लिबलिबीत गोळा. हे पीआरएफ, म्हणजे प्लेटलेटयुक्त फायब्रिन. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी ही रीत २००१ मध्ये मांडली. आपल्या वर्ध्याजवळ, सावंगीच्या शरद पवार दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या दुरुस्तीसाठी ती वापरली गेली आहे.

तिची खरी गोडी आहे ती काय टाळले यात. रक्त गोठू नये म्हणून नळीत एरवी औषध घालतात, इथे काहीच घालत नाहीत. काचेला लागताच रक्त गोठू लागते. ते पुरते गोठण्याआधी नळी यंत्रात गेली पाहिजे: मूळ पद्धतीत मिनिटाला सुमारे ३,००० फेरे, १० मिनिटे. लाल पेशी खाली बसत असतानाच वर फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, धागे विणले जातात, आणि प्लेटलेट व पांढऱ्या पेशी त्या जाळ्यात अडकतात. रक्त घेणारा जरा रेंगाळला की सारे नळीभर गोठते, गोळा धड साधत नाही. म्हणून मी या रीतीला हातोटीची कला म्हणतो.

आधीच्या प्लेटलेट जेलमध्ये गाईच्या रक्तातले थ्रॉम्बिन घालून झटपट गोठवत. त्या घाईत जाळे ताठर होई. इथे रक्त स्वतःच्याच थोड्याशा थ्रॉम्बिनने सावकाश गोठते, त्यामुळे विणीत लवचीकपणा राहतो आणि जखम भरायला मदत करणारे वाढघटक आठवडाभर झिरपत राहतात. गोळा गॉजमध्ये दाबला की पातळ पडदा मिळतो. त्याला टाकाही घालता येतो!

वर्ध्यात जखमेविषयी लिहिताना दत्तपूर टाळता येत नाही. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये तिथे कुष्ठसेवा सुरू केली. १९३९ मध्ये कुष्ठरोग झालेले परचुरे शास्त्री सेवाग्राम आश्रमात आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांचे अंग चोळत. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन तळवा बधिर होतो. काटा रुतला तरी कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि व्रण वर्षानुवर्षे चिघळत राहतो. अशा व्रणांवर आपल्या देशात पीआरएफ वापरून पाहिले गेले आहे. लहान अभ्यासांत व्रण चांगले भरून आले.

त्यासाठी मेलेली कातडी आणि पू आधी साफ करावा लागतो, पायावरचा भारही काढावा लागतो. एवढे झाले की रुग्णाच्याच थोड्याशा रक्तातून, जवळजवळ बिनखर्चाने, इतके काम करून घेणारी दुसरी रीत माझ्या पाहण्यात नाही. बधिरपणा मात्र तिने जात नाही. व्रण भरल्यावर पायात एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची मऊ चप्पल आली नाही, तर तो त्याच जागी पुन्हा फुटतो.