जोड ऐकू आला पाहिजे

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसण्याआधी ग्रँडमास्टर फ्लॅशची १९८१ची 'ॲडव्हेंचर्स ऑन द व्हील्स ऑफ स्टील' ही रेकॉर्ड ऐकाच. टर्नटेबलांवर हातानं जुळवलेलं हे सुमारे सात मिनिटांचं हिपहॉप. त्यात 'शिक'चं डिस्को गाणं 'गुड टाइम्स' आणि 'क्वीन' या रॉक बँडचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' जवळजवळ येतात आणि दोन्हींच्या बेसमधलं नातं कानालाच कळतं. सांगावं लागत नाही.

मध्येच मुलांना गोष्ट सांगण्याचा तुकडा येतो. गमतीचा आहे, पण तिथे मला वीण सैल वाटते. आपले रिव्ह्यू बहुतेक अशाच तुकड्यांचे: अमक्यानं हे केलं, तमक्यानं ते. तुम्ही दोन पेपर शेजारी ठेवाल, तेव्हा आधी जोड शोधा.