खर्ड्याची लूट आणि ‘बेवारस’ रुमाल

ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासांतील खर्ड्याच्या रात्रीचें वर्णन वाचकांस परिचित आहे. ता. ११ मार्च १७९५ रोजीं निजामअली निंबाळकरांच्या किल्ल्याच्या आश्रयास गेला. त्याचे लोक अंधारांत पळतांना आपल्याच छावणीचें सामान लुटीत गेले, व दुसरे दिवशीं पेंढाऱ्यांनीं या लुटारूंस गांठून नागविलें. डफ हें सर्व एका दमांत सांगून पुढें जातो. कथेस तें शोभतें. परंतु स्वामित्वाच्या दृष्टीनें हे दोन निराळे व्यवहार आहेत, आणि त्यांची सरमिसळ आमच्या संग्राहक मंडळींच्या बोलण्यांत अद्याप चालू आहे.

जिंकलेलें धन जेत्याचें, हा मनूच्या सातव्या अध्यायांतील नियम पेंढाऱ्यांस कसाबसा लावतां येईल. सोबत्याची पेटी उचलणारा शिपाई मात्र चोरच. धनी पळाला, एवढ्यावरून त्यानें वस्तूवरील हक्क सोडला असें होत नाहीं. प्रणष्ट द्रव्य राजानें याज्ञवल्क्याच्या मतें एक वर्ष व मनूच्या मतें तीन वर्षें राखावें. मिताक्षराकार तर त्यानंतरहि धनी आल्यास, आपला भाग ठेवून, तितकें द्रव्य राजाकडून देववितो. जें राजास पचत नाहीं, तें रद्दीच्या दुकानीं वजनावर घेणारास कसें पचावें? सूचींत ‘खर्ड्याच्या लुटींतील’ असा शेरा मारून स्वामित्व सिद्ध होत नाहीं. कागद कोणाकडून, केव्हां व कोणत्या बोलीवर आले तें लिहावें.

याहून नाजूक प्रकरण उपनिधीचें. गांव सोडतांना एखाद्या घराण्यानें बांधलेला रुमाल न उघडतां ठेवावयास दिला, तर तो तसाच परत करावयाचा. मागणी होऊनहि दिला नाहीं व मग नष्ट झाला, तर भरपाई आणि तितकाच दंड. स्वेच्छेनें उपभोगिल्यास दंड व व्याजासह परतफेड. ‘वाचून देतों’ म्हणून आणलेली पोथी खरी याचितक. पण याज्ञवल्क्यानें तिलाहि हाच विधि लावला आहे. ही पंक्ति आम्हां पोथीवाल्यांस विशेष टोचावी!

वीस वर्षें कपाटांत आहे म्हणून रुमाल आपला, असें म्हणणारांनीं मनूचा आठवा अध्याय पाहावा. निक्षेप व उपनिधि भोगानें बुडत नाहींत. सांप्रतचा कायदा फार दूर नाहीं. १८७२ च्या करार कायद्यानें ठेव सांभाळणारास आवश्यक खर्च मागतां येतो, मालकी नव्हे. आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें ठेवीच्या दाव्याचीं तीन वर्षें मागणीनंतर नकार मिळाला त्या दिवसापासून मोजावयाचीं, रुमाल घरीं आला त्या दिवसापासून नव्हे.