सोळा लाख नोंदी, पण वस्तू किती?

सिनॉप्सिस लिहिताना ‘सामायिक डिजिटल डेटाबेस तयार करणे’ हे उद्दिष्ट टाकायची आता पद्धतच पडली आहे. विषय वीरगळांचा असो, लेण्यांचा असो की जुन्या देवळांचा, शेवटचं उद्दिष्ट हेच. तो डेटाबेस आखायचा कसा, हे मात्र दोन ओळींत उरकलेलं असतं. तुम्हीही तसं लिहिणार असाल, तर आधी आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या प्रयत्नाकडे जरा चिकित्सेनं बघा.

राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियान 2007 मध्ये सुरू झालं. वास्तू-स्थळांची एक आणि पुरावस्तूंची एक, अशा दोन राष्ट्रीय नोंदवह्या करायच्या होत्या. सरकारी आकडेवारीनुसार सुमारे 1.84 लाख वास्तू-स्थळं आणि 16.8 लाख पुरावस्तू नोंदल्या गेल्या. काम लहान नाही. वेगवेगळ्या संस्थांनी एकाच नमुन्यात माहिती भरावी, हा विचारही योग्यच. माझा आक्षेप आहे तो यश नोंदींच्या संख्येत मोजण्यावर. नोंदी कुणीही मोजेल. दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत का, हे ओळखणं अवघड, आणि सामायिक डेटाबेसचं खरं काम तेच असतं.

नवी मुंबईजवळचंच उदाहरण घ्या. घारापुरीला ‘एलिफंटा’ हे नाव ज्या दगडी हत्तीवरून पडलं, तो आज बेटावर नाही. 1864 मध्ये त्याला हलवताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले, 1914 मध्ये पुन्हा जोडले गेले आणि तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. आता ‘ठिकाण’ या एकाच रकान्यात काय लिहाल? बेटाचा अभ्यासक घारापुरी लिहील, संग्रहालयवाला भायखळा लिहील. संगणकाच्या दृष्टीनं हत्ती दोन झाले!

जिल्हा लिहायचा म्हटलं तरी पंचाईत आहेच. 1882 च्या गॅझेटियरमध्ये घारापुरी ठाणे जिल्ह्यात सापडते, नंतर ती कुलाब्यात गेली, आणि 1981 मध्ये कुलाब्याचाच रायगड झाला. बेट जागेवरच आहे, पत्ता दोनदा बदलला. बेलापूर किल्ल्याचंही तसंच. जुन्या साधनांत हा परिसर शाबाज म्हणून येतो, आपण मात्र शोधखिडकीत ‘सीबीडी बेलापूर’ टाइप करतो. सिडकोनं 95 गावांच्या जमिनीवर हे शहर वसवलं. गावाच्या नावानं केलेली जुनी नोंद आज सेक्टरच्या नकाशावर आपोआप बसत नाही, ती कुणीतरी बसवावी लागते.

‘हे तांत्रिक बारकावे झाले, नंतर बघू’ असं वाटत असेल तर कॅगचा 2013 चा अहवाल वाचा. पाहणी केलेल्या 1,655 संरक्षित स्मारकांपैकी 92 जागेवर सापडलीच नाहीत. त्यातली काही पुढे सापडली. पण कायद्यानं संरक्षित असलेलं स्मारक ‘शोधावं’ लागतं, याचा अर्थ कागदावरची नोंद आणि जमिनीवरची जागा यांचा सांधा तुटला होता.

मग आखणी कशी करायची? सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नका. आर्चेससारखी वारसा-नोंदींसाठीच बनवलेली मुक्त प्रणाली फुकट मिळते, पण निर्णय ती घेत नाही. निर्णय तुमचे. वस्तूला एकच कायमचा क्रमांक द्या, नावं आणि पत्ते त्याखाली कितीही येऊ देत. सापडल्याची जागा आणि सध्याची जागा वेगळी ठेवा, दोन्हींना तारीख लावा. काळ किंवा ओळख याबद्दल मतभेद असेल तर दोन्ही मतं ठेवा, कुणाचं मत कुठून आलं तेही लिहा. मतभेद पुसून ‘स्वच्छ’ केलेला डेटा संशोधनाला निरुपयोगी. आणि अचूक जागा कुणाला दिसेल, हे आधीच ठरवा. असुरक्षित स्थळाचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना खुले केले, तर गुप्तधनवाल्यांना आमंत्रण. सगळ्यांपासून लपवले, तर नगररचनाकाराच्या नकाशात ते स्थळच नाही.

हे दुसरं नुकसान इथे फार खरं आहे. विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. अशा ठिकाणी ‘नंतर दुरुस्त करू’ चालत नाही. नोंद चुकली तर ताडून बघायला जमीनच उरत नाही.

म्हणून सिनॉप्सिस देण्याआधी एक छोटा प्रयोग करा. एकाच तालुक्याच्या वीस नोंदी गॅझेटियरमधून घ्या, वीस एखाद्या नव्या सर्वेक्षणातून, आणि त्या हातानं जुळवा. किती जुळल्या, किती अडल्या आणि का अडल्या, ते लिहून ठेवा. ती अडलेल्यांची यादी म्हणजेच तुमच्या डेटाबेसचा पहिला आराखडा. गाईडला तीच दाखवा.