वाचवलेला वाघ

आज समीक्षेला घेतलाय तो पेपर नाही, फोटो आहे. आणि तो माझाच आहे, त्यामुळे हातचं न राखता बोलता येईल.

ताडोबातली संध्याकाळ. उजेड गेलेला, जिप्सी हलतेय आणि वाघ रस्ता ओलांडतोय. घरी येऊन पाहिलं तर फोटोत तीन दोष: सगळीकडे काळोख, पाठीवर आडवी आलेली काडी आणि मागच्या मांडीवरचे धूसर पट्टे. रात्र घालवून तिन्ही दोष ‘दुरुस्त’ केले. कौतुकही भरपूर झालं. पण संशोधकाच्या नजरेनं बघा, या तीन दुरुस्त्या एका जातीच्या नाहीतच.

पहिली, काळोख. फोटो रॉ फाइलमध्ये होता. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी उजेडाच्या १६,३८४ पातळ्या नोंदवता येतात. ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६. म्हणजे जिथे काळं दिसत होतं, तिथेही माहिती होती. एक्स्पोजर वाढवलं, ती वर आली. सोबत नॉइजही आला, पण तोही खराच. ही दुरुस्ती मला मान्य आहे.

दुसरी, काडी. हीलिंग ब्रशनं ती पुसली आणि सॉफ्टवेअरनं शेजारचा पोत उचलून तिथे बसवला. फोटो देखणा झाला, पण काडीमागे काय होतं ते कॅमेऱ्याला कधी दिसलंच नव्हतं.

तिसरी सगळ्यात घातक, कारण ती सगळ्यात छान दिसते. धूसर झालेला थोडा तपशील गणितानं परत मिळू शकतो, हे खरं. पण एआय शार्पनिंगनं माझ्या वाघाच्या मांडीवर कोरीव पट्टे आणले ते शिकलेल्या इतर फोटोंच्या जोरावर. म्हणजे तो अंदाज होता, नोंद नव्हती.

यात बिघडलं काय? घरात लावायला काहीच नाही. पण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगाचेही वेगळे. म्हणून कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. उल्हास कारंत यांनी नागरहोळेत पट्ट्यांच्या याच ओळखीवरून वाघांच्या संख्येचा अंदाज बांधला. माझा सजवलेला फोटो अशा नोंदींत गेला, तर जुनाच वाघ नवा ठरू शकतो. ‘पुन्हा दिसलेले’ वाघ कमी भरले की अंदाजित संख्या फुगते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे वाघ मोजतो? पण जेलचे, सूक्ष्मदर्शकाचे फोटो तर काढाल ना? ‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’नं २००२ पासून स्वीकारलेल्या लेखांतल्या प्रतिमा तपासायला सुरुवात केली. नियम साधा आहे: उजेड वाढवायचा तर पूर्ण प्रतिमेवर, एखादा भाग निवडून पुसायचा नाही, उठावदार करायचा नाही, नवा आणायचा नाही.

तेव्हा मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. केलेला प्रत्येक बदल क्रमानं वहीत लिहा. आणि प्रत्येक बदलाआधी स्वतःला विचारा: हे कॅमेऱ्याला दिसलं होतं, की मला दिसायला हवं होतं?

माझा वाघ आता भिंतीवर आहे, खाली ‘संपादित’ असं लिहून. संशोधनाच्या फोल्डरमध्ये मात्र ती काळपट, काडीवाली मूळ फाइलच आहे.