‘आपका बंटी’ आणि ताब्याची भाषा

मन्नू भंडारी यांची ‘आपका बंटी’ (१९७१) ही हिंदी कादंबरी घटस्फोटित दांपत्याच्या मुलाची कहाणी म्हणून सुपरिचित आहे. तिच्याविषयीची चर्चा बहुधा दोष शकुनचा की अजयचा, या प्रश्नापाशी येऊन थांबते. वस्तुतः मूल एका पालकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा नेमके काय बदलते, हा या कृतीचा खरा विषय होय; आणि त्याचा निर्देश शीर्षकातच आहे.

‘आपका’ या रूपाचा मराठी पर्याय ‘आपला’ असा सहज सुचतो. परंतु मराठी ‘आपला’ तीन कामे करतो: आदरार्थी ‘तुमचा’, बोलणारा व ऐकणारा या दोघांचा मिळून, आणि स्वतःचा. हिंदी ‘आपका’ पहिल्या अर्थापुरताच मर्यादित आहे. त्यात बोलणाऱ्याचा वाटा नाही. म्हणून शीर्षक एका परीने मुलाला सौजन्यपूर्वक दुसऱ्याच्या स्वाधीन करते. दुसऱ्या परीने ते पत्राखालच्या सहीसारखे वाचता येते. मात्र हे पत्र कोणाला लिहिले, हे ठरत नाही. या दोन अर्थांमधील ताण म्हणजेच बंटीची अवस्था.

आईच्या घरातून डॉ. जोशींच्या घरात, तेथून कलकत्त्यास पित्याच्या नव्या संसारात आणि अखेर वसतिगृहाकडे, असा बंटीचा प्रवास आहे. यातील एकही बदल क्रौर्यातून घडत नाही. प्रत्येकामागे कोणाची तरी सोय व कोणाचा तरी सद्‌हेतू आहे. उणीव एवढीच, की मुलाचा हट्ट व मुलाची इच्छा यांतील भेद ओळखण्यासाठी कोणी स्वस्थपणे बसत नाही.

हाच भेद कायद्याने फार पूर्वी मानला आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार, बुद्धिपूर्वक पसंती व्यक्त करण्याइतके मूल मोठे असल्यास न्यायालय तिचा विचार करू शकते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ अन्वये हुकूमनाम्यानंतरही अर्ज करून मुलाविषयीचा आदेश रद्द, स्थगित अथवा बदलून मागता येतो. रोझी जेकब खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची चीजवस्तू वा खेळणी नव्हेत असे सांगितले, व असे आदेश परिस्थितीनुसार बदलण्याजोगे असतात हेही स्पष्ट केले. मूल वाढते, घरे बदलतात. म्हणून आदेशही अंतिम नसतो. बदल मागणाऱ्याने स्वतःचा हक्क सिद्ध करणे पुरेसे नाही; बदलात मुलाचे हित आहे हे त्याला दाखवावे लागते.

असे असता व्यवहारातील मराठी शब्द मात्र ‘ताबा’ हाच आहे. जागेचा ताबा, ताबेगहाण, ताबापावती अशा सोबतीत वावरणारा हा शब्द देणारा, घेणारा व वस्तू एवढीच रचना जाणतो. ‘मुलाचा ताबा मिळावा’ या वाक्यात मूल व्याकरणदृष्ट्याही गाळ्याच्या वा शेताच्या जागी येते. हिंदी विधिभाषेतील ‘अभिरक्षा’ कृत्रिम वाटली तरी तिच्यात रक्षणाचे कर्तव्य शिल्लक आहे. शब्द बदलल्याने निवाडे बदलतील असे नव्हे. परंतु अर्ज लिहिणारा पालक ज्या शब्दात मागतो, त्याच शब्दात विचार करू लागण्याचा संभव असतो.

या दृष्टीने पाहता कादंबरीचे सामर्थ्य व मर्यादा एकाच ठिकाणी आढळतात. निवेदन बंटीच्या व शकुनच्या मनात वावरते. अजयच्या मनात ते जवळजवळ शिरतच नाही. त्यामुळे कलकत्त्याचे घर वाचकाला मुलाच्या भयातूनच दिसते, आणि ते मुळातच अयोग्य होते की केवळ अपरिचित, याचा निर्णय करण्याइतका पुरावा हाती येत नाही. न्यायाधीशाला अशा पुराव्यावर आदेश बदलता आला नसता. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. पण त्याची किंमत म्हणून पित्याची बाजू दुबळी राहिली, हे मान्य केले पाहिजे.

तथापि न्यायालयीन कागदपत्रांत क्वचितच उमटणारी एक गोष्ट या कृतीने नोंदवून ठेवली आहे: प्रत्येक हस्तांतरात मुलाला नवी खोली मिळते, आणि ‘आपले घर’ हा शब्दप्रयोग त्याच्या बोलण्यातून थोडा थोडा नाहीसा होतो. बदल मागणाऱ्याने व देणाऱ्याने प्रथम तपासावयाचे ते हेच.