संतचरित्र आणि खंडन : पीटर पुराणाच्या निमित्ताने

संतचरित्र लिहिणाऱ्यास दोन मोह नेहमी भुलवितात. चरित्रनायकाचे दोष झाकावेत हा पहिला. आणि त्याची थोरवी सिद्ध करण्यासाठी इतरांचे दैवत हीन ठरवावे हा दुसरा. गोमंतकात जेझुइट धर्मोपदेशकांनी सतराव्या शतकात रचलेली मराठी पुराणे वाचताना या दोन्ही मोहांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्यानंतर एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने प्रेषित पीटरचे चरित्र ओवीबद्ध केले. ते १६२९ पासून मुद्रित होऊ लागले. पीटर हा नायक कवीला मिळालेले मोठेच भाग्य होय. गालील सरोवरावरचा हा कोळी उतावळा, भाबडा आणि शूर. गुरूला धरावयास आलेल्यांवर तो तलवार उपसतो, आणि त्याच रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा गुरूची ओळख नाकारतो. नंतर तो ढसढसा रडतो. त्याचे संतपण या अश्रूंतून उगवले आहे. वाल्या कोळ्याची कथा ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्यास असा संत परका का वाटावा? पहिला मोह येथे कथेनेच दूर ठेवला आहे.

दुसरा मोह मात्र कवीस आवरला नाही. पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या मुख्य भ्रमांचे खंडन हा हेतू ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकातच जाहीर केला आहे. आणि भाषेचे नाव ‘ब्राह्मण मराष्ट’ असे दिले आहे. हे वचन कवीने पाळल्यामुळे वाचकाला कथेतून वारंवार वादात शिरावे लागते. ती त्या काळाची रीतच होती, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. परंतु काळाची सबब कवीला वाचविते, काव्याला वाचवीत नाही. शिवाय ख्रिस्तपुराणाच्या प्रारंभी श्रोता काय विचारतो, ते आठवावे: आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही का देत नाही? ज्याचे ग्रंथ हिरावले गेले आहेत आणि ज्यास उत्तर देण्याची मुभा नाही, त्याच्या मतांचे खंडन करण्यात वादाचा पुरुषार्थ तो कोणता?

१६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. तरीही ख्रिस्तपुराण टिकले. १९०७ साली मंगळूरला आणि १९५६ मध्ये देवनागरीत ते पुन्हा छापले गेले. पीटर पुराणास लोकांच्या ओठांवर तशी जागा मिळाली नाही. याची कारणे अनेक असतील. आमच्या मते, श्रोत्याच्या प्रश्नाला स्टीफन्सने मुख्यतः कथेने उत्तर दिले आणि क्रुआने कथेइतकेच वादाने, हेही त्यांपैकी एक आहे.

सद्गुण सांगून पटत नाहीत. दुसऱ्याला खाली ओढून तर मुळीच पटत नाहीत. पीटरचे अश्रू तेवढे पुरेसे होते. कवीने त्यांवर अधिक विश्वास ठेवावयास हवा होता.