पेटी कोणाची, किल्ली कोणाची? : कन्सोल आणि पीसी यांच्या स्पर्धेविषयी

एका भाऊबीजेला बहिणीकडे गेलो असता भाच्याने फराळाची बशी पुढे करता करता विचारले, “मामा, पगारातून थोडे पैसे साठलेत. गेम खेळायला कन्सोल घेऊ की पीसी?” प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर त्या दिवशी देता आले नाही. वॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम मशीन’ या नव्या यंत्राची घोषणा केल्यापासून जगभरचे खेळाडू हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारत आहेत : नवा कन्सोल पीसीला टक्कर देऊ शकेल का?

मी संगणकशास्त्र कुठे शिकलो नाही. नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडून देणाऱ्या एका दुकानात काम केले. जे कळले ते स्क्रू ड्रायव्हर हातात धरून आणि पुढे वाचून. त्यामुळे या विषयावरच्या बहुतेक लेखनाची एक खोड मला खटकते. दोन रकाने आखायचे, प्रोसेसर, मेमरी आणि किंमत समोरासमोर मांडायची आणि ज्याचे आकडे मोठे त्याला विजयी घोषित करायचे. ही तुलना खोटी नाही, पण अपुरी आहे.

आधी कन्सोलची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांत मिळून १६ जीबी मेमरी आहे. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण त्या मॉडेलची प्रत्येक पेटी सारखी असल्यामुळे खेळ रचणाऱ्याला समोरचे यंत्र नेमके ठाऊक असते. पीसीवर मात्र हजारो प्रकारची जोडणी संभवते. म्हणूनच महागडे ग्राफिक्स कार्ड असूनही नवा खेळ पीसीवर मध्येच अडखळतो, कारण त्या कार्डासाठी लागणारे छोटे प्रोग्राम खेळ चालू असतानाच तयार होत असतात. कन्सोलसाठी ते आधीच तयार करून देता येतात. शिवाय कन्सोलला राखणदार असतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या प्लेस्टेशनवर धड चालेना, तेव्हा सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत देऊ केले.

राहिली किंमत. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आला तो ४९,९९० रुपयांना. चिप-टंचाईच्या त्या काळात तेवढ्या पैशांत त्या तोडीचा पीसी जोडून द्यायला मी तयार झालो नसतो. ही स्वस्ताई येते कुठून? कन्सोलची पेटी अनेकदा जेमतेम नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकली जाते. वसुली नंतर होते : विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळातून साधारण तीस टक्के वाटा आणि बहुतेक विकतचे खेळ इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर वेगळी वर्गणी. पीसीवर ही वर्गणी नसते. म्हणजे कन्सोलच्या किमतीचा काही भाग आपण हप्त्याने फेडत राहतो. हे हप्ते चुकू नयेत म्हणून पेटीला कुलूप लागते.

या कुलपाचा इतिहास जुना आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. त्यानंतर निन्टेन्डोने १९८५ मध्ये तिथे आपला कन्सोल उतरवला तो आत एक चिप बसवूनच. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट ती चालू देत नसे. त्याच यंत्राच्या जपानी अवतारात, म्हणजे फॅमिकॉममध्ये, ही चिप नव्हती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी फुंकर मारून कॅसेट घालायचे जे ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतांशी या फॅमिकॉमच्या नकला होत्या. आपल्या एका पिढीचे बालपण बिनकुलपाच्या पेटीवर गेले, असे म्हणायला हरकत नाही.

कुलूप नंतरही लावता येते, याचा दाखला प्लेस्टेशन ३ ने दिला. २००६ साली आलेल्या त्या यंत्रावर सुरुवातीला लिनक्स बसवण्याची अधिकृत सोय होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने सुमारे १,७६० प्लेस्टेशन एकत्र जोडून ‘कॉन्डोर’ नावाचा महासंगणक उभारला. विक्रेत्याच्या नजरेने पाहिले तर हे वाईट गिऱ्हाईक : पेट्या शेकड्यांनी घेणार, खेळ एकही घेणार नाही. १ एप्रिल २०१० च्या अपडेटने सोनीने ही सोय काढून टाकली. सुरक्षेचे कारण दिले गेले. अपडेट नाकारण्याची मुभा होती, पण मग ऑनलाइन खेळणे बंद. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा एक गुण विक्रीनंतर साडेतीन वर्षांच्या आत निघून गेला.

पीसीचे खरे बळ मला इथे दिसते. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ने खेळातली चित्रे आणि नकाशे मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलीत ठेवले आणि खेळाडू स्वतःचे नकाशे रचू लागले. अशा फेरफाराला ‘मॉड’ म्हणतात. ‘हाफ-लाइफ’च्या मॉडमधून ‘काउंटर-स्ट्राइक’ जन्मला, ज्याने आपल्याकडची सायबर कॅफे रात्री उशिरापर्यंत जागी ठेवली. ‘आर्मा २’ या लष्करी खेळाच्या मॉडवर ब्रेंडन ग्रीन यांनी आणखी एक मॉड रचला; त्या कल्पनेतून २०१७ चा ‘पबजी’ आला. त्याच्या मोबाइल आवृत्तीने गावोगावच्या पारांवर पोरांच्या माना मोबाइलवर कशा झुकवल्या, हे आपण पाहिले आहे. या वंशावळीची मुळे उघड्या पीसीवर आहेत. कन्सोलवर काही खेळांत मॉड चालतात, पण कंपनी देईल तेवढ्याच अंगणात.

पीसी निष्पाप आहे, असेही नाही. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ दुकानातून डबा विकत आणला तरी वॉल्व्हच्या ‘स्टीम’वर नोंदणी केल्याशिवाय चालत नव्हता. आज पीसीवरचे बहुसंख्य खेळ याच दुकानातून जातात, साधारण तोच तीस टक्के वाटा तेही घेते आणि आपल्या हाती मालकी नव्हे, फक्त वापराचा परवाना येतो. यंत्र उघडे असले तरी दुकानाला दार आहेच.

आता नव्या यंत्राकडे येऊ. वॉल्व्हने २०१५ मध्ये याच नावाची यंत्रे इतर कंपन्यांकडून बाजारात आणली होती. ती फसली, कारण त्यांच्या लिनक्सवर विंडोजचे खेळ चालत नव्हते. २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आला. विंडोजसाठीचे खेळ लिनक्सवर चालवणारा हा दुभाष्याच. त्याच्या बळावर २०२२ चे हातात धरायचे ‘स्टीम डेक’ तरले. नवे स्टीम मशीन याच वाटेवरचे आहे : टीव्हीखाली ठेवायची, कन्सोलसारखी दिसणारी पेटी, पण आतून पीसी. मालकाला हवी ती ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर बसवता येते.

कोंडी नेमकी इथेच आहे. कुलूप नसलेली पेटी तोट्यात विकणे अवघड; घेणारा ती कॉन्डोरसारखी भलत्याच कामाला लावील आणि खेळ घेणारच नाही. जी पेटी स्वस्त, तिला कुलूप. जिला कुलूप नाही, तिची पूर्ण किंमत आजच मोजायची. नवा कन्सोल पीसीला वेगात गाठील, सोयीत मागेही टाकील. पण स्वस्ताई आणि मोकळीक दोन्ही एकत्र देईल, ही आशा मला फोल वाटते. म्हणून कुठलेही नवे यंत्र आले की माझा पहिला प्रश्न प्रोसेसरचा नसतो. किल्ली कोणाकडे राहणार, हे मी विचारतो.

भाच्याने शेवटी कन्सोल घेतला. दहा तास नोकरी करून आल्यावर तासभर विनाकटकट खेळायचे, हे त्याचे कारण मला पटले. पण मोठ्या खेळांच्या भाषांच्या यादीत मराठी जवळजवळ नसतेच, ही गोष्ट त्याला सलत होती. कन्सोलवर त्यावर इलाज नव्हता. मग एका शनिवारी तो माझ्याकडे आला. माझ्या जुन्या पीसीवर एका छोट्या खेळाची संवादांची फाइल आम्ही उघडली आणि इंग्रजी वाक्यांच्या जागी मराठी वाक्ये भरू लागलो. पडद्यावर देवनागरी उमटली, पण जोडाक्षरे फुटलेली होती. ‘प्रश्न’चे अर्धे श वेगळे, न वेगळा. मजकुराची जुळणी करणारा भाग त्या खेळात नव्हताच. पहाटे तीनपर्यंत बसूनही ते जमले नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बसणार आहोत.